पहिली जागा रिकामी

१

विहाराचं कुलूप मी सकाळी पावणेसहाला काढतो. भोंगा सहाला. सहाच्या आधी लावला की पोलीस पाटील बोंबलतो, सहाच्या नंतर लावला की बाया बोंबलतात. सोळा वर्षं झाली, एक दिवस खाडा न्हाई. मी चौथी नापास माणूस. कॉम्प्युटरातलं मला काही कळत न्हाई, पण आमच्या विहारातला कॉम्प्युटर माझ्याशिवाय कोणाला चालू करता येत न्हाई. कारण मी कोणाला हात लावू देत न्हाई.

बटन दाबलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळतात. त्या काय असतात म्हणून मी पोराला एकदा विचारलं होतं. पोरगा रत्नपाल, पुण्याला कंपनीत आहे, तेच काम करतो.

"बाबा, मशीन जागी झाली की तिचा कर्नल आधी हजेरी घेतो."

"कर्नल? फौजेतून आला का?"

"तसंच समजा. जुन्या डिस्कला चार जागा असायच्या. आताच्या मशीनला त्या जागाच नसतात, पन आपली जुनी हाय. कर्नल एकेका जागेवर जातो अन् इचारतो, कोनी हाय का? असलं तर ते आपलं नाव सांगतं, हा लिहून घेतो. उत्तर न्हाई आलं तर थोडा थांबतो अन् पुढं जातो."

"किती थांबतो?"

"तुमच्यापेक्षा जास्त," पोरगं म्हणलं.

चार जागा. दुसरी रिकामी, चौथी रिकामी, तिसऱ्यावर सीडीचं बिघडलेलं खोकं. पहिल्या जागेवर डिस्क. तिची ओळ मला वाचता येत न्हवती, पण गुरं ओळखतो तशी तोंडवळ्यानं ओळखायचो. आधी दोन मोठी अक्षरं, मग आकड्यांची रांग, शेवटी घराच्या आढ्यासारखं एक अक्षर. ती ओळ आली की पेटीतून कट, कट असं दोनदा वाजायचं, अन् जरा वेळानं भोंग्यातून चांगुणाचा आवाज यायचा.

चांगुणा म्हणजे माझी बायको. रत्नपाल हिंगोलीला शिकत होता तेव्हा त्यानं घरच्या मधल्या खोलीत दहा रुपयाच्या माईकवर तिची वंदना भरून घेतली. अकरा मिनिटं. मधी बकरी दोनदा ओरडते, मी एकदा खोकतो, अन् शेवटी चांगुणा म्हणते, "झालं, बंद कर रे." चार वर्षांनी ती वारली. मशीन मी विहाराला दिली, ती आवाजासकट.

लोकं म्हणायची, मोबाईलवर घेऊ द्या. मी घेऊ दिलं न्हाई. बायकोचा आवाज खिशात घालून संडासाला जाल, म्हणलं, अन् मधीच दुसऱ्याचा फोन आला की तिचं तोंड दाबाल. रत्नपाललाबी न्हाई म्हणलं. ऐकायचं तर गावात या, सहाला हजर राहा. ही माझी अक्कल. पुढं जे झालं त्याचा दोष मी दुसऱ्या कोणावर ढकलत न्हाई.

२

यंदा जानेवारीत डिस्क कुरकुरायला लागली. चांगुणा एका ओळीवर अडायची अन् तीच ओळ तीनदा म्हणायची. रत्नपाल सुट्टी काढून आला. सून करुणा संग होती.

पेटी खोलली. डिस्क म्हणजे पाटीच्या तुकड्याएवढी लोखंडी वडी. मागं चपटी राखाडी पट्टी लावलेली. पोरानं पट्टी उपसली अन् डिस्क हातात घेतली, तेव्हा मी म्हणलं, "हळू. तुझी माय हाय त्यात."

"बाबा, पुण्याला नेतो, आवाज काढून घेतो. मशीन चालावी म्हणून ही बारकी नवी डिस्क लावली हाय, वेगळ्या वायरीवर. आईची दुरुस्त झाली की परत जागेवर बसवू, आपोआप वाजंल."

"अन् तवर पहिल्या जागेवर?"

"कोनी न्हाई. कर्नल इचारंल, थांबंल, पुढं जाईल. उशीर लागंल जरा."

करुणा म्हणाली, "मामंजी, आधीच मोबाईलवर घेऊ दिलं असतं तर ही तकलीफ झाली नसती."

"तू चहा ठेव," मी म्हणलं. तिचं बराबर होतं म्हणून.

चौथ्या दिवशी फोन आला. पोराचा आवाज बसलेला. डिस्क फिरतच न्हाई म्हणे. दोन जाणकारांना दाखवली. आतली चकती खरवडली गेली, त्यातून आता एक शब्दबी निघायचा न्हाई. फोन किती वेळ कानाला होता माहीत न्हाई.

ट्रॅव्हलच्या ड्रायव्हरकडं देऊन त्यानं डिस्क परत पाठवली. आखाडा बाळापूरच्या थांब्यावर मी ती घेतली, घरी आणली, चांगुणाच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळली अन् ट्रंकेत ठेवून कडी लावली. माती देऊन आल्यावर घर लागतं तसं त्या दिवशी घर लागलं. दुसऱ्यांदा.

३

तरी मी सहाला जायचो. बटन दाबायचं. ओळी पळायच्या अन् पहिल्या जागेपाशी अडायच्या. मी आकडे मोजायचो. तीस, पस्तीस, चाळीस. मग रिकाम्या जागेची ओळ यायची अन् गाडं पुढं जायचं. भोंग्यातून नुसती घरघर. जमलेले आठ-दहा जण आपल्या तोंडानं वंदना म्हणायचे.

मशीन चालू काहून करायचो? विचारू नका. सवय.

फेब्रुवारीच्या शेवटी, हळद शिजवायचे दिवस, शिवारभर वाफेचा वास. त्या सकाळी मी मोजत होतो. बारापर्यंत आलो अन् ओळ आली. दोन मोठी अक्षरं, आकड्यांची रांग, शेवटी आढं.

कट. कट.

अन् भोंग्यातून चांगुणा. न अडता, धडधाकट.

मी पेटीचं झाकण काढलं. राखाडी पट्टी लोंबत होती, तिचं तोंड उघडं. त्यात मी बोट घातलं. काही न्हवतं. आवाज चालू होता.

खरं सांगतो, तेव्हा भीती वाटली न्हाई. हसू आलं. वाटलं, पोरानं आवाज काढून नव्या डिस्कवर टाकला अन् बापाला चकित करायला गप बसला. बाहेर येऊन त्याला फोन लावला.

"लबाडा, आधी सांगायला काय झालं होतं?"

"काय बाबा?"

"आईचा आवाज. वाजून राहिला की. ऐक."

मी फोन भोंग्याकडं धरला. परत कानाला लावला.

"रत्नपाल?"

"बाबा, मी काहीच टाकलं न्हाई. टाकायला होतंच काय? डिस्क कुठं हाय?"

"ट्रंकेत."

"बघा बरं."

घरी जाऊन बघितलं. ट्रंकेची कडी लागलेली. लुगड्यात डिस्क होती. हातात घेतली तर गरम. भाकरी तव्यावरून उतरवून जरा वेळ ठेवली की जशी असते तेवढी गरम. घरावर पत्रा आहे, ट्रंक पत्र्याची, ऊन पडायला लागलं की तापणारच, असं मी मनाशी म्हणलं. ऊन अजून अंगणातबी आलं न्हवतं.

४

आता एक सांगायला पाहिजे. मी भूतबित मानत न्हाई. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मी पोरगा. शेजारच्या जनकाबाईनं एकदा दारात लिंबू-मिरची बांधली होती, ती मी सगळ्या वस्तीदेखत तोडून नालीत फेकली अन् तिला तासभर झापलं होतं. नातवाला ताप होता तिच्या. लेकरू दवाखान्यात नेलं, बरं झालं, म्हणून माझं खरं ठरलं. तेव्हापासून ती माझ्याशी जपून बोलते, अन् जपून बोलते तेव्हाच जास्त टोचते.

चार-पाच दिवसांनी ती विहाराच्या पायरीवर चपला घालत होती. म्हणाली, "जळबा दादा, वहिनीचा आवाज आला, लई बरं झालं."

"व्हय."

"आज मधीच माकडं उड्या मारून गेली न?"

"कुठं?"

"तुमच्या पत्र्यावर. पाच-सहा होती. मी अंगणात भांडे घासून राहिले होते, लवकर घासून इकडं यायचं म्हणून."

"मग? माकडं येतातच. हळद उकरतात."

ती चपलेचा अंगठा नीट करत बसली. माझ्याकडं बघितलं न्हाई. "आधी भोंग्यात उड्या मारल्या, दादा. धड धड धड. वहिनी म्हणून राहिली अन् वर पत्रा वाजून राहिला. म्या वर बघितलं तर तुमच्या पत्र्यावर काहीच न्हवतं. अन् मग माकडं आली."

"कान तपासून घे."

"घेते की."

"काय म्हणायचं हाय तुला?"

"मी कशाला काय म्हणू? मी काही मानत न्हाई आता. तुमीच तर शिकवलं."

अन् गेली.

५

दुसऱ्या दिवशी मी भोंग्याखाली उभा राहून अकरा मिनिटं कान देऊन ऐकलं. सोळा वर्षं रोज ऐकलेला आवाज, पण नवऱ्याचं ऐकणं तसंच असतं, कान उघडे अन् ध्यान दुसरीकडं.

बकरी ओरडली न्हाई. जिथं मी खोकतो तिथं मी खोकलो न्हाई. त्या जागी नुसती खोली होती. खोलीचा आवाज असतो, रिकामी असली तरी. त्यात एक फिरणं होतं, अन् दर फेरीला बारीक टक्. मी डोळे मिटले. ते टक् मला माहीत होतं. मधल्या खोलीतला पंखा. मागच्या उन्हाळ्यात करुणानं बसवून घेतला, अन् बसवणाऱ्यानं एक पातं वाकडं बसवलं म्हणून मी त्याच्याशी भांडलो होतो.

चांगुणा त्या पंख्याखाली कधी बसली न्हाई. पंखा आला तेव्हा तिला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

अन् पंखा मी चालूच ठेवून आलो होतो त्या सकाळी.

अकरा मिनिटं झाली. "बंद कर रे" आलं न्हाई. वंदना संपली अन् आवाज तसाच चालू राहिला. बांगड्या वाजल्या. कोणीतरी बसल्या जागी मांडी मोडली. श्वास. पंखा, टक्. पंखा, टक्. लोकं उठून गेली, त्यांना वाटलं संपलं. मी तिथंच. तीन मिनिटं ती नुसती बसून होती. मग वायर सुटल्यागत भोंगा गप झाला.

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं. त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ.

माझं डोकं मला सांगत होतं, जळबा, तुझे कान म्हातारे झाले. तुझी झोप गेली. सोळा वर्षं तोच आवाज ऐकलेलं मन आहे, ते काहीबी ऐकंल. हे सगळं मला पटत होतं. पण जनकाबाईचे कान माझे न्हवते.

६

रत्नपालला मी खरं सांगितलं न्हाई. एवढंच म्हणलं, मशीन चालू व्हायला उशीर लागतो.

"पहिल्या जागेपाशी अडत असंल. बाबा, सोपं हाय. कर्नलला एक शब्द लिहून द्यायचा, की त्या जागेवर इचारूच नको. मग तो तिकडं जानारच न्हाई."

"अन् तिथं कोनी असलं तर?"

"असलं तरी काय? इचारलंच न्हाई तर नाव कोन सांगनार? असून नसल्यासारखं."

पोरगं म्हणलं, "बाबा, तुमी नीट जेवून राहिले न?"

"जेवून राहिलो."

"त्या दिवशी फोनवर मी ऐकलं ते... आईच होती का?"

"येशील तेव्हा बघू," म्हणून मी फोन ठेवला.

एक शब्द. तो लिहिला की चांगुणा संपली. दुसरीकडं कुठंच ती उरली न्हाई, मीच उरू दिली न्हाई. त्या रात्री अन् दुसऱ्या रात्री मी हाच हिशोब घातला. तो आवाज तिचा असंल तर मी तिचं तोंड दाबणार होतो. तो तिचा नसंल, तर रोज सहाला मी वस्तीभर कोणाला बोलायला लावून राहिलो होतो? अन् बोलता बोलता ते माझ्या घरात बसत होतं.

ठरवलं की बघायचं. मानत न्हाई म्हणणाऱ्यानं बघायला घाबरू नये.

७

मंगळवार. उजाडलं होतं. बटन दाबलं. मशीननं विचारलं, अन् मी एकसुद्धा आकडा म्हणायच्या आत उत्तर आलं.

वंदना चालू झाली तशी मी विहारातून निघालो. घर सव्वाशे पावलं. भोंगा पाठीमागं, पण गल्लीत चारी बाजूंनी ऐकू येतो. म्हणलं, ती म्हणून राहिली तोवर घराच्या दाराशी पोचायचं.

गल्लीच्या तोंडाशी असताना भोंग्यात कुत्रं भुंकलं. चार पावलं गेलो. मग माणिकरावांचं कुत्रं पुढ्यात येऊन भुंकलं. तेवढंच. तितक्याच वेळा.

मी चाल कमी केली.

भोंग्यात वंदनेच्या मागं आता बारीक ठक् ठक् यायला लागलं. लांबून जवळ येणारं. माझ्या डाव्या चपलेच्या टाचेत चांभारानं खिळा मारलेला आहे, तो फरशीवर वाजतो. आमच्या दारापुढं फरशी आहे. मी अजून मातीत होतो.

जनकाबाई तिच्या अंगणात उभी होती. हातात राखेची घासणी. माझ्याकडं बघून राहिली, मग घासणी टाकून माझ्या मागं आली. मी हातानं जा म्हणलं. गेली न्हाई.

फरशीवर आलो. वंदना थांबली. मधीच, ओळ अर्धी सोडून.

सगळ्या वस्तीवर भोंग्यातून माझी खोली वाजत होती. पंखा, टक्. मी कडीकडं हात नेला, अन् हात पोचायच्या आधी भोंग्यात कडी वाजली. मी हात मागं घेतला.

आमच्या दाराच्या दोन फळ्यांमधी बोटभर फट आहे. मी डोळा लावला. मधली खोली समोर. ट्रंक उघडी. जमिनीवर लुगडं बसलं होतं. पडलं न्हवतं, बसलं होतं. बसलेल्या बाईच्या अंगावर असतं तसं, मांडीला ताण, गुडघ्यावर निऱ्या, पाठीला पोक. मांडीवर डिस्क. वर पदर जिथं डोक्यावरून जातो तिथवर कापड आलेलं, अन् पदराच्या आत मागची भिंत दिसत होती.

लुगडं दाराकडं वळलं.

अन् भोंग्यातून, पाठीमागून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा चांगुणाचा आवाज आला,

"कोन हाय?"

मग थांबलं. तसंच थांबलं. मी न सांगता मोजायला लागलो होतो.

माझं तोंड उघडलं होतं, ते मी कबूल करतो. जिभेवर "मी हाय" आलं होतं. सोळा वर्षांनी बायकोनं विचारलं, माणूस काय गप बसंल?

पण चाळीस वर्षांच्या संसारात चांगुणानं मला कधी कोन हाय म्हणून विचारलं न्हाई. टाचेचा खिळा वाजला की ती आतूनच बोंबलायची, "आलं का भूत माझं, पाय धुवून या." तिला माझं नाव विचारायची गरज न्हवती. ज्याला ठाऊक नसतं, ज्याला लिहून घ्यायचं असतं, तेच विचारतं.

"कोन हाय?" परत आलं. जरा मऊ.

शेजारच्या घरातून कोणी विचारलं तर आमच्याकडं बाया न बघता उत्तर देतात, आमी हाओत बाई म्हणून. जनकाबाई माझ्या खांद्यामागं होती. तिचा श्वास आत गेलेला मी ऐकला, "आ" तिच्या ओठावर आलेला ऐकला, अन् मी वळून माझा पंजा तिच्या तोंडावर दाबला. तिचं डोकं भिंतीला लागलं. चावली ती मला. मी सोडलं न्हाई. दोघं म्हातारे दारापुढं तसेच उभे, तिचे डोळे माझ्या डोळ्यात, हातातून रक्त, अन् भोंग्यात पंखा. टक्. टक्. मी मोजत होतो. पस्तीस. अडतीस. चाळीस.

भोंगा बंद झाला.

८

रत्नपाल दुसऱ्या दिवशी आला. घरात तोच आधी गेला. ट्रंक बंद होती, लुगडं घडी केलेलं, डिस्क थंड. त्यानं माझ्या हाताची पट्टी बघितली, जनकाबाईच्या डोक्याचं टेंगूळ बघितलं, अन् काही विचारलं न्हाई. शहाणं पोरगं आहे.

विहारात मशीनसमोर बसला. बोटं कळांवर ठेवून म्हणलं, "लिहू का बाबा?"

"लिही."

"मग परत..."

"लिही म्हणलं न."

त्यानं तो शब्द लिहिला. मशीन आता पटकन चालू होते. पहिल्या जागेपाशी कोणी थांबत न्हाई. भोंगा आम्ही काढून ठेवला. वस्तीतले विचारतात काहून, म्हणून हे एवढं लिहिलं. ज्याला पटंल त्यानं मानावं, न पटंल त्यानं माझ्यासारखं राहावं.

जनकाबाई आता वंदना सांगते. आवाज फाटका आहे, पण तिचा आहे. परवा मला म्हणाली, "दादा, वहिनी कशी म्हणायची ती सुरुवात? मला जमंना." मी आठवून सांगायला बसलो.

आठवली न्हाई. तिची वंदना न्हाई, शिव्या न्हाईत, रत्नपालच्या वेळी अडली होती तेव्हाचा तिचा ओरडा न्हाई. आवाज म्हणलं की कानात एकच येतं, कोन हाय, मऊ, दारामागून, अन् पुढं ते थांबून राहतं.

म्हणून सहाच्या सुमाराला मी सुपारीचं खांड दाताखाली धरून बसतो. तोंड रिकामं ठेवत न्हाई.